मी चिखल तळ्यावर असेन

ओरिनकाकांना त्यांची मुलगी लोरेन रविवारी दुपारी कायमचं हार्टफर्ड शहरात घेऊन जाणार, ही बातमी शुक्रवार सकाळपर्यंत अख्ख्या बार्टर मिल्समध्ये पोहोचली होती. वाईट सगळ्यांना वाटलं, पण बोललं कुणी नाही. वाईट वाटलेलं बोलून दाखवायची आमच्याकडे पद्धत नाही. सगळे नेहमीसारखे माझ्या दुकानातल्या काउंटरवर बसून कॉफी ढवळत होते, आणि प्रत्येकाच्या डोक्यात एकच प्रश्न होता: म्हातारा जाताना आपलं तळं कुणाला सांगणार?

हे समजायला आमच्या गावाची रीत माहीत हवी. आमच्या डोंगरांत तळी पुष्कळ, ट्राउट मासेही पुष्कळ. पण ट्राउट कुठल्या तळ्यात मिळाला हे कुणी खरं सांगत नाही. विचारायचं मात्र असतं. पाहुण्याला ‘बसा’ म्हणावं तसं ते विचारणं. एकानं ‘कुठे गेला होतास?’ म्हणायचं, दुसऱ्यानं थाप मारायची, तिसऱ्यानं मान हलवायची, आणि तिघांनी मिळून ते तळं मनातून खोडून टाकायचं, कारण तिथे तर तो नक्कीच गेला नव्हता. याला कुणी खोटं बोलणं म्हणत नाही. शपथेवर सांगणारा माणूस तर दुप्पट थापाड्या समजला जातो. पण दुसऱ्याच्या ट्रकच्या मागे लपतछपत जाऊन त्याचं तळं शोधणं म्हणजे फार मोठा गुन्हा. माझ्या वडिलांच्या काळात एकानं तसं केलं होतं. त्याला गाव सोडावं लागलं, आणि अजून आमच्याकडे कुणी मुलाचं नाव क्लॅरेन्स ठेवत नाही.

दुसरी रीत म्हणजे आम्ही कुणाला तोंडावर ‘चल’ म्हणत नाही. ‘चल’ म्हटलं की समोरच्याला तोंडावर ‘नाही’ म्हणावं लागतं, आणि तशी वेळ कुणावर आणणं बरं नव्हे. म्हणून आम्ही आपण कुठे असू तेवढं सांगतो. ज्याला यायचं असेल तो येतो. माझ्या नवऱ्यानं मला मागणी घातली तीही अशीच. म्हणाला, “जूनच्या दुसऱ्या शनिवारी मी चर्चमध्ये असेन म्हणतो.” मी गेले. माझी बहीण म्हणते की मी घाई केली.

या दोन्ही रीती चांगल्या आहेत. त्या एकमेकींच्या पायात पाय घालतात हे मात्र माझी पन्नाशी उलटेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तर ओरिनकाका. गावातला सगळ्यात चांगला ट्राउट त्यांच्या टोपलीत असायचा. नेच्याच्या ओल्या पानांवर निजवलेला, कोपरापासून बोटांपर्यंत लांब, पोटाला नारिंगी, फार तर दोन. आणि कुठे मिळाला विचारलं की गेली तीस-एक वर्षं त्यांचं एकच उत्तर: “चिखल तळं.” चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलायची नाही.

बाकीचे लोक थापा बदलत राहायचे. आज लांब तळं, उद्या कोल्हे तळं. ओरिनकाकांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. आमचा टपालवाला कार्ल्टन, ज्याला गावातलं सगळं माहीत असतं आणि जे नसतं ते तो तयार करतो, तो म्हणायचा, “थाप मारावी तर ओरिननं. एकच, आणि जन्मभर पुरली.” कारण चिखल तळं आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं. टकल्या डोंगरावर चढणाऱ्या लाकूडतोड्यांच्या रस्त्यावरून ते खाली दिसतं. चहासारखं पाणी, कुजलेले बुंधे, मधोमध पोटापर्यंत रुतून उभं असलेलं एखादं मूस हरीण, आणि वास. तिथे ट्राउट तर सोडाच, मानी बेडूकसुद्धा राहणार नाही.

शुक्रवारी ओरिनकाका आले ते दार चाचपडत. त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग गेला होता आणि फक्त कडेचं दिसायचं. म्हणजे तुमच्याशी बोलताना ते तुमच्या शेजारच्या बरणीकडे बघायचे, तेव्हा तुम्ही त्यांना दिसायचात. त्यांनी डोनटच्या बरणीकडे बघून सगळ्यांना सांगितलं, “उद्या मी चिखल तळ्यावर असेन. शेवटचं. एक ट्राउट काढायचाय. कनू वल्हवायला माणूस लागेल, मला दिसत नाही.”

काउंटरवरचे चमचे थांबले. असं गावात कधी घडलं नव्हतं. तळ्याचा मालक स्वतःहून माणूस मागत होता!

सगळ्यांनी वेंडेलमामाकडे पाहिलं. वेंडेल टिबेट्स माझ्या आईचा भाऊ. तो आणि ओरिनकाका लहानपणापासून एका कनूत, एका होडीत वाढले, असं माझी आई सांगायची. मग कधीतरी काहीतरी बिनसलं. भांडण कुणी ऐकलं नाही. पण मी दुकान चालवायला लागल्यापासून दोघं रोज काउंटरवर येत, मध्ये एक स्टूल रिकामं सोडून बसत आणि हवेबद्दल बोलत.

वेंडेलमामानं कपात बघितलं. “उद्या मला कुंपण दुरुस्त करायचंय,” तो म्हणाला.

वेंडेलमामाच्या घराला कुंपण नाही.

बाकीच्यांचा जीव नुसता टांगणीला लागला होता, पण पहिला हात वर करणारा हावरट ठरला असता, म्हणून सगळे मुके. म्हातारा माणूस दारात उभा, परवा गाव सुटणार, आणि हे आठ धटिंगण कॉफी ढवळतायत! माझं डोकं फिरलं.

“मी येते, ओरिनकाका,” मी म्हटलं. “मला मासा तळता येतो, पकडता येत नाही. पण वल्हवता येतं.”

ते खरंच होतं. माझे वडील कनू बांधायचे. मी चालायच्या आधी वल्हवायला शिकले, असं ते सांगत. अर्थात तेही मासे धरायचे, त्यामुळे ते कितपत खरं धरायचं कोण जाणे.

ओरिनकाका गेल्यावर मला कुणी काही विचारलं नाही. विचारणं शोभलं नसतं. कार्ल्टननं जाता जाता फक्त म्हटलं, “तुझ्या ट्रकचं मैलांचं मीटर चालतं ना गं?”

“चालतं.”

“सहज विचारलं.”

शनिवारी सकाळी मी ओरिनकाकांना घ्यायला गेले तेव्हा ते पायरीवर बसले होते. हातात गळाची काठी, डोक्यावर पिसांच्या माश्या टोचलेली टोपी. गळाला आमच्याकडे पिसं बांधून केलेली माशीच लावतात. गांडूळ कुणी लावत नाही, निदान चारचौघांत तरी.

ट्रक गावाबाहेर आला. “टकल्या डोंगराचा रस्ता घे,” ते म्हणाले.

मी घेतला. थोडं गेल्यावर म्हटलं, “काका, आता आपण दोघंच आहोत. मी कुणाला सांगणार नाही. कुठलं तळं?”

“चिखल तळं.”

“बरं,” मी म्हटलं आणि गाडी हाकत राहिले. म्हटलं, म्हाताऱ्याला अजून भरवसा नाही, जवळ आलं की सांगेल. शेवटच्या दिवशीही ताकास तूर लागू देत नव्हता. मला जरा कौतुकच वाटलं.

“मागे गेलं,” ते म्हणाले.

“काय मागे गेलं?”

“चिखल तळ्याची वाट. ट्रक उजवीकडे कलला आणि सरळ झाला, म्हणजे मोरी ओलांडलीस.”

“ओरिनकाका, मला काय खुळी समजता?”

“नाही. पण मागे घे.”

मी ट्रक मागे घेतला. मोरीपाशी ते उतरले आणि हातानं झुडपं चाचपत चिखलाच्या कडेनं चालू लागले. त्यांच्यामागे मी, माझ्यामागे काळी चिलटं. गुडघाभर चिखल, नको तो वास, आणि मनात माझ्या शिव्यांची माळ. मग चढण लागली. दोन खडकांमधली एक अरुंद खिंड आली, माणूस आडवा होऊन जाईल एवढीच. ते आडवे झाले, मी आडवी झाले, आणि पलीकडे निघालो.

पलीकडे तळं होतं. खरं तळं. डोंगराचा कडा सरळ पाण्यात उतरलेला, कपारीत जूनमध्येही बर्फाची रेघ, आणि पाणी इतकं स्वच्छ की कड्याखालचा दगड न् दगड दिसत होता. रस्त्यावरून आम्ही जन्मभर जी घाण बघून नाक मुरडलं, ती या तळ्याची नुसती शेपटी होती. तेवढ्यात मधोमध एक ट्राउट वर आला, तोंड उघडून माशी घेतली आणि गेला. पाण्यावर वर्तुळ पसरत राहिलं. मी जे बोलले ते माझ्या वडिलांना आवडलं नसतं.

“हेच चिखल तळं?”

“हेच. वरचा भाग.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. अख्खं गाव तीस वर्षं सगळे डोंगर पालथे घालत होतं, आणि म्हातारा दर आठवड्याला नावानिशी सांगत होता.

कनू एका उंच स्प्रूसच्या झाडाखाली पालथी घातलेली होती. हिरवी, कॅनव्हास चढवलेली. टोकाची लाकडी पट्टी पाहिली आणि मी ओळखलं. माझ्या वडिलांच्या हातची. सुलटी केली तेव्हा आत दोन बैठका दिसल्या, वेतानं विणलेल्या. मागची झिजून पुन्हा पुन्हा विणलेली होती, तीन रंगांचा वेत. पुढची मात्र कोरी. नुसती जुनी झालेली, पण तिच्यावर कुणी बसलेलं नव्हतं. आणि कनूखाली झाकलेला एक गोटा, मोठ्या भोपळ्याएवढा, हात लागून लागून गुळगुळीत झालेला.

दगड कशासाठी ते मला सांगायला नको होतं. एकटा माणूस मागे बसला की कनूचं नाक वर येतं, वारा लागला की ती भोवरा होते. म्हणून पुढे वजन ठेवतात.

“दगड बाजूला कर,” ओरिनकाका म्हणाले. “आज तू आहेस. हळू ठेव.”

“दगड आहे काका, अंडी नाहीत.”

“वेंडेल आहे तो,” ते म्हणाले.

मी दगड हातात घेऊन तशीच उभी राहिले. चांगलाच जड होता.

“वेंडेल एवढासा नाही,” शेवटी मी म्हटलं.

“तेव्हा बारीक होता,” ओरिनकाका स्प्रूसकडे बघत, म्हणजे माझ्याकडे बघत, म्हणाले. “हे तळं मला सापडलं त्याच संध्याकाळी मी त्याला सांगितलं. तुझ्या वडिलांच्या कारखान्यात. ही कनू तिथेच होती, दोघांसाठी करून घेतलेली. म्हटलं, शनिवारी मी चिखल तळ्यावर असेन. शनिवारी दिवसभर वाट पाहिली. आला नाही. सोमवारी भेटला तर म्हणाला, लांब तळ्यावर गेलो होतो, मासे चांगले लागले.”

“मग?”

“मग काय. पुढच्या आठवड्यात परत सांगितलं.”

“कितीदा सांगितलंत?”

“दर आठवड्याला. बर्फ असेल तेव्हा नाही. पुढे मग काउंटरवर सगळ्यांनाच सांगायला लागलो. म्हटलं वेंडेल नाही तर दुसरं कुणी येईल. जागा होती.”

“अहो, त्यांना थाप वाटायची ती!” मी ओरडले. “सगळ्यांना! तुम्ही गावातले सगळ्यात मोठे थापाडे म्हणून प्रसिद्ध आहात! पोरं तुमचं उदाहरण देतात!”

तळ्यात दोन ट्राउट वर येऊन गेले.

“मी थापा मारत नाही,” ते म्हणाले. “तुझ्या काकूला आवडायचं नाही.”

“मग तुम्हाला काय वाटलं? इतकी वर्षं कुणी आलं नाही, तर काय वाटलं?”

“मला वाटलं, लोकांना माझ्याबरोबर यायचं नाही. मी जरा कमी बोलतो ना.”

मला रडू आलं. आणि राग इतका आला की तो दगड कुणाच्या डोक्यात घालावा ते कळेना. गावाच्या घालावा तर गावात मीही आले. मी तो हळूच गवतावर ठेवला.

मग आम्ही पाण्यात गेलो. मी मागे, ते पुढे, वेंडेलमामाच्या कोऱ्या बैठकीवर. मी वल्हवायचं आणि त्यांनी मनगट पाण्यात बुडवून ठेवायचं. कड्याखाली एका ठिकाणी ते म्हणाले, “थांब. इथे गार आहे.” खाली झरे होते. त्या थंड पाण्यापाशी ट्राउट जमतात. डोळे गेले तरी मनगट शाबूत होतं.

“आता कनूचं नाक म्हणजे बारा वाजले,” ते म्हणाले. “मासा वर आला की किती वाजले ते सांग, आणि किती हात लांब.”

“दोन वाजले. दहा हात.”

काठी मागे गेली, पुढे आली, आणि माशी दोन वाजता दहा हातांवर अशी उतरली की पाण्याला कळलं नाही.

“दोन नाही, अडीच,” मी म्हटलं.

“घड्याळ नीट बघत जा.”

तिसऱ्या खेपेला दोरी ताठ झाली. मी पुष्कळ लोकांकडून मोठ्या माशांची वर्णनं ऐकली आहेत आणि एकावरही विश्वास ठेवलेला नाही, म्हणून वर्णन करत नाही. मासा खाली गेला, कनूच्या खालून गेला, आणि ओरिनकाका डोळे मिटून बसले होते. कानानं दोरी ऐकत होते. शेवटी मी तो जाळ्यात घेतला. त्यांनी त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं.

“लाल ठिपके आहेत? भोवती निळं?”

“आहेत.”

“बरं,” ते म्हणाले. जरा वेळानं पुन्हा म्हणाले, “बरं झालं कुणीतरी पाहिलं.”

परत निघताना मी दगड उचलला आणि ट्रकमध्ये घातला. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

दुपारी दुकानात सगळे हजर होते. शनिवारी दुपारी कार्ल्टन कधी येत नाही, तोही आला होता. काही वेळ हवेबद्दल बोलणं झालं. मग कार्ल्टननं साखर मागितली, आणि साखर ढवळत म्हणाला, “मग? कुठे गेला होतात?”

“चिखल तळं,” मी म्हटलं.

काउंटर हसून हसून आडवा झाला. कार्ल्टननं डोळे पुसले. “एका दिवसात तयार केलं हिला! तोंडावरची रेघ हलली नाही बघा!”

मी बाहेर गेले, दगड आणला आणि वेंडेलमामाच्या कपापुढे ठेवला. कप हिंदकळला.

“हे काय?”

“तू,” मी म्हटलं. “ओरिनकाकांच्या कनूत तुझ्या जागेवर बसतोस. तीस वर्षं. चिखल तळ्यावर. मोरीपासून चिखलाच्या कडेनं वर, दोन खडकांच्या मधून पलीकडे. आता हसा मेल्यांनो.”

कुणी हसलं नाही. इतकं सविस्तर खोटं आमच्याकडे कुणी बोलत नाही.

वेंडेलमामानं दगडावर हात ठेवला. तो गुळगुळीतपणा त्याच्या हाताला कळला असावा. जन्मभर कनूत बसलेला माणूस, त्याला असा दगड माहीत असणार.

“त्यानं मला सांगितलं होतं,” तो म्हणाला. “तुझ्या बापाच्या कारखान्यात. चिखल तळं. मी म्हटलं, जगाला थाप मार बाबा, पण मला? मला तू त्यांच्यात बसवलंस?” त्यानं कार्ल्टनकडे मान हलवली. “फार लागलं ते. मग मीही सांगितलं की मी लांब तळ्यावर जातो.”

“आणि जात कुठे होतास?”

“कुठे नाही. घरामागच्या ओढ्यावर.”

“तिथे मासे आहेत?”

“नाहीत,” वेंडेलमामा म्हणाला. टोपी घातली आणि कॉफी अर्धी टाकून निघून गेला. दगड तिथेच राहिला. संध्याकाळी मी तो दाराला लावला, वाऱ्यानं दार आपटत होतं.

रविवारी सकाळी मी ओरिनकाकांकडे त्यांचं सामान बांधायला गेले. दारापुढे वेंडेलमामाचा ट्रक उभा होता, इंजिन चालू. तो आत बसून समोर बघत होता. कधीपासून बसला होता देव जाणे. ओरिनकाका दारात आले आणि ट्रकच्या शेजारच्या झाडाकडे बघत उभे राहिले.

वेंडेलमामानं काच खाली केली. “आज सकाळी मी चिखल तळ्यावर असेन म्हणतो,” तो म्हणाला.

ओरिनकाकांनी थोडा विचार केला. “कुंपण झालं?”

“झालं.”

“मग काठी घेतो,” ओरिनकाका म्हणाले.

जाताना त्यांच्यात कनूत पुढे कोण बसणार यावरून वाद झालेला मी ऐकला. ओरिनकाकांचं म्हणणं, मागची बैठक माझी, मीच सुकाणू धरणार. वेंडेलमामा म्हणाला, “तुला दिसत नाही.” ओरिनकाका म्हणाले, “तुला वाट माहीत नाही.” दोघंही बरोबर होते. ट्रक गेला.

लोरेन बाराच्या सुमारास आली. “बाबा कुठे आहेत?”

“चिखल तळ्यावर,” मी म्हटलं.

लोरेन वीस वर्षं हार्टफर्डला राहते, पण जन्म इथला. ती हसली. “व्हर्ना, तू पण? खरं सांग ना.”

मी दोनदा खरं सांगितलं. मग सोडून दिलं आणि तिला जेवायला वाढलं.

ते आले तेव्हा दुपार कलली होती. दोघं कमरेपर्यंत चिखलात भरलेले, तोंडं चिलटांनी सुजलेली. टोपलीत नेच्याच्या पानांवर दोन ट्राउट होते. लोरेन पुष्कळ बोलली. ते दोघं काही बोलले नाहीत. तळ्यावर तरी काय बोलले असतील मला माहीत नाही. वेंडेलमामा मला नंतर एवढंच म्हणाला, “बैठक अजून टणक आहे. तुझा बाप काम चांगलं करायचा.”

सामान गाडीत गेलं. ओरिनकाकांना पुढे बसवून लोरेननं दार लावलं. वेंडेलमामा काचेशी उभा राहिला. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. तीस वर्षं फुकट गेली होती दोघांची. आणि आता हा जाणार, तो राहणार, आणि माणसाचं आयुष्य काही रबर नाही ताणायला.

ओरिनकाका समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाले, “मी लोरेनकडे असेन.”

“बरं,” वेंडेलमामा म्हणाला.

गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत तो उभा होता, मग घरी गेला.

त्या आठवड्यात तो काउंटरवर रोज आला. मधलं स्टूल सोडून बसला आणि हवेबद्दल बोलला. शुक्रवारी म्हणाला, “उद्या मी चिखल तळ्यावर असेन.” हशा झाला. कार्ल्टन म्हणाला, “ओरिन गेला, पण गादी रिकामी राहिली नाही.” मी सविस्तर सांगितलेली वाट तोवर त्यांनी मिळून निकालात काढली होती. त्यांच्या मते मी मोरी म्हटलं म्हणजे मोरी सोडून कुठेही.

वेंडेलमामा उठला आणि दारातला दगड उचलायला वाकला. त्याच्या पाठीला तो झेपेना, म्हणून मी उचलला आणि त्याच्या ट्रकमध्ये नेला.

“आता याला ओरिन म्हणायचं का?” मी विचारलं.

“दगडाला नाव ठेवायला मला काय वेड लागलंय?” तो म्हणाला. मग म्हणाला, “हळू ठेव.”

रविवारी सकाळी मी दुकान उघडत होते तेव्हा तो समोरच्या बसथांब्यावर उभा दिसला. चर्चचा कोट घातलेला, एका हातात पिशवी, काखेत पत्र्याचा डबा. डब्यातून वितळलेल्या बर्फाचं पाणी कोटावर टपकत होतं आणि झाकणाच्या फटीतून नेच्याचं पान बाहेर आलं होतं. कार्ल्टन माझ्याशेजारी येऊन उभा राहिला.

“कुठे चाललास रे, वेंडेल?” त्यानं हाक मारून विचारलं.

“हार्टफर्डला.”

बस आली, तो चढला, बस गेली. कार्ल्टन तिच्या मागे बघत राहिला. पाठलाग करावा असं त्याच्या मनात येऊन गेलं असणार, पण क्लॅरेन्सची आठवण झाली असेल.

“हार्टफर्ड म्हणे,” तो म्हणाला. “नवीन तळं सापडलंय म्हाताऱ्याला, दुसरं काय.”

मी मान हलवली. तिसऱ्यानं मान हलवायची असते.